लेन्स यंत्रात टाकली, म्हणजे ती धुतली गेली का?

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याला हल्ली ऑनलाइन खरेदी करताना एक छोटेसे यंत्र हमखास दिसते. तळहातावर मावणारी प्लॅस्टिकची डबी, आत डाव्या आणि उजव्या लेन्ससाठी दोन वाट्या, बाजूला मोबाइलच्या चार्जरची वायर आणि वर एक निळा दिवा, असे त्याचे साधारण रूप असते. लेन्स आणि सोल्यूशन, म्हणजे लेन्स धुण्याचे-भिजवण्याचे द्रावण, आत घालून बटण दाबले, की पाच-दहा मिनिटांत ‘अल्ट्रासॉनिक’ लहरींनी लेन्स स्वच्छ होते आणि तळहातावर लेन्स चोळण्याचा त्रास वाचतो, असा विक्रेत्याचा दावा असतो. किंमत काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत असते. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये राहून लेन्स वापरणाऱ्याने हे यंत्र घ्यावे का, याचे उत्तर देण्यासाठी हे तंत्र कशावर चालते, लेन्सवर नेमकी घाण कोणती बसते आणि डोळ्याला खरा धोका कोठून असतो, या तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

तंत्र खोटे नाही, हे आधी सांगितले पाहिजे. जळगावच्या सराफ बाजारात मळलेली पोत किंवा कानातले उजळायला दिले, तर अनेक पेढ्यांमध्ये ते स्टीलच्या एका चौकोनी टाकीत सोडतात. टाकीत साबणमिश्रित कोमट पाणी असते, यंत्र सुरू होताच बारीक ‘स्स्स’ असा आवाज येतो आणि नक्षीच्या खाचांमधून करडा मळ धुरासारखा बाहेर पडताना उघड्या डोळ्यांनी दिसतो. दातांच्या दवाखान्यात उपकरणे धुण्यासाठी आणि चष्म्याच्या दुकानात फ्रेम धुण्यासाठीही याच प्रकारचे यंत्र असते. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडच्या ध्वनीला श्राव्यातीत, म्हणजेच अल्ट्रासॉनिक, ध्वनी म्हणतात. सफाईच्या टाक्या बहुधा सेकंदाला 40 हजार कंपनांच्या आसपास चालतात. टाकीच्या तळाला चिकटवलेल्या सिरॅमिकच्या चकत्या विजेमुळे या वेगाने आकुंचन-प्रसरण पावतात आणि पाण्यावर आलटून पालटून दाब व ताण निर्माण करतात. ताणाच्या क्षणी पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होतात आणि दाबाच्या क्षणी ते फुटण्याऐवजी आतल्या आत कोसळतात. या कोसळण्याला कॅव्हिटेशन म्हणतात आणि सफाईचे सगळे काम तेच करते. बुडबुडा कठीण पृष्ठभागाजवळ कोसळला, तर पाण्याची अतिशय बारीक आणि वेगवान धार त्या पृष्ठभागावर आदळते आणि मळ उचकटून काढते.

येथे ‘कठीण’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण आज बहुतेक लोक वापरतात ती सॉफ्ट लेन्स कठीण नसते. चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञाने 1961 च्या नाताळात मुलांच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच एक यंत्र उभारले आणि त्यावर पाणी शोषणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या लेन्स तयार केल्या. या लेन्सला अमेरिकेत 1971 मध्ये परवानगी मिळाली आणि सॉफ्ट लेन्सचे युग सुरू झाले. प्रकारानुसार या लेन्सच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शापासून तीन चतुर्थांशापर्यंतचा भाग पाण्याचाच असतो, तिचा व्यास सुमारे 14 मिलिमीटर असतो आणि मध्यभागी तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. म्हणजे सोल्यूशनमध्ये ठेवलेली सॉफ्ट लेन्स ध्वनिलहरींच्या दृष्टीने जवळजवळ पाणीच असते. लहर तिच्यातून आरपार निघून जाते. शिवाय मऊ आणि लवचीक पृष्ठभागाजवळ कोसळणाऱ्या बुडबुड्याची धार पृष्ठभागाकडे येण्याऐवजी उलट दिशेलाही वळू शकते. त्यामुळे सोन्याच्या पाटलीवर जे घडते ते पाण्याने भरलेल्या जेलीसारख्या पापुद्र्यावर तसेच घडेल, असे धरून चालता येत नाही. एकाच टाकीत दोन्ही ठेवले तरी परिणाम वेगळा होतो.

दुसरा प्रश्न यंत्राच्या ताकदीचा आणि मापाचा आहे. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर असतो. सेकंदाला 40 हजार कंपने धरली, तर एका लहरीची लांबी सुमारे 37 मिलिमीटर येते. सराफाच्या टाकीत अशा लहरींना उभे राहायला जागा असते. त्यातही सफाई सगळीकडे सारखी होत नाही आणि म्हणून दागिना मधूनमधून हलवतात. लेन्सची वाटी मात्र दोन-अडीच सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम सेंटिमीटरभर खोल असते. कंपन करणारी चकती आणि सोल्यूशन यांच्यामध्ये प्लॅस्टिकची भिंत असते आणि ती बरीचशी ऊर्जा स्वतःच गिळते. वीज येते ती मोबाइल चार्जरच्या साध्या वायरमधून, म्हणजे अनेकदा अडीच ते पाच वॅट. एवढ्याशा वाटीत काहीच घडणार नाही असे यावरून सिद्ध होत नाही; पण जाहिरातीतील चित्रात लेन्सवर लाखो बुडबुडे एकसारखे तुटून पडताना दाखवतात, तसे तेथे घडत असेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

त्यातच या नावाने विकली जाणारी सगळी यंत्रे अल्ट्रासॉनिक असतातच असे नाही. काही स्वस्त यंत्रांत सिरॅमिकची चकती नसते, तर मोबाइल थरथरवण्यासाठी जी वजन लावलेली चिमुकली मोटर असते तसलीच मोटर असते. तिची कंपने सेकंदाला काही शे इतकीच असतात. श्राव्यातीत ध्वनीशी तिचा काही संबंध नसतो. ती केवळ वाटी हलवते. फरक कानाने बऱ्यापैकी ओळखता येतो. मोटरचा आवाज ‘घर्र’ असा जाड येतो आणि यंत्र टेबलावर सरकू लागते, तर खऱ्या कॅव्हिटेशनचा आवाज तळणीतल्या तेलासारखा बारीक आणि सलग असतो. याहून पक्की परीक्षा स्वयंपाकघरात करता येते. पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियम फॉइलचा चपटा तुकडा पाण्यात उभा धरून यंत्र चालवावे. चांगल्या टाकीत मिनिटभरात त्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि छिद्रे पडतात आणि फॉइल उजेडाकडे धरले की चाळणीसारखे दिसते. आमच्या पाहण्यातील एका छोट्या लेन्स-यंत्रात तसाच तुकडा तीन वेळा पूर्ण वेळ चालवूनही त्यावर ओरखडाही उमटला नाही. (ही परीक्षा ज्या वाटीत केली तिच्यात नंतर लेन्स ठेवू नये, फॉइलचे कण डोळ्यात जाऊ शकतात.) यातील पेच असा, की फॉइलला भोके पाडण्याइतके यंत्र जोरदार असेल, तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाची लेन्स त्यात रोज ठेवावी का, हा प्रश्न उभा राहतो आणि ते तेवढे जोरदार नसेल, तर ते विकत घेण्याचे कारणच उरत नाही. मधली योग्य मात्रा एखाद्या उत्पादकाने साधलीही असेल, पण ती साधल्याचा पुरावा खोक्यावर सहसा दिसत नाही.

आता लेन्सवर बसणाऱ्या घाणीकडे वळू. ती एका प्रकारची नसते. अश्रूंमध्ये लायसोझाइम नावाचे जंतुनाशक प्रथिन भरपूर असते आणि लेन्स डोळ्यात घातल्यावर काही मिनिटांतच ते तिच्यावर बसू लागते. ते मूळ स्वरूपात असेपर्यंत फारसे त्रासदायक नसते. मात्र काही दिवसांनी त्याची घडण बिघडते आणि उकडल्यावर अंड्याचा पांढरा भाग जसा घट्ट आणि अपारदर्शक होतो, तसे ते लेन्सला चिकटून बसते. मग पापणीच्या आतल्या बाजूला खाज येते आणि बारीक पुळ्या येतात. दुसरा प्रकार पापण्यांच्या कडांवरील ग्रंथींतून येणाऱ्या स्निग्ध पदार्थांचा. या शतकात सर्वत्र रूढ झालेल्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्समधून प्राणवायू चांगला जातो, पण तेलकटपणा तिच्यावर जास्त धरतो. काजळ, आयलायनर आणि चेहऱ्याचे क्रीम यांची त्यात भर पडते. शिवाय कॅल्शियमचे खडे असतात आणि आपल्याकडे विशेष म्हणजे धूळ असते: चैत्र-वैशाखातील वावटळीची, जिनिंगमधील सरकी-रुईची, रस्त्याच्या कामांची. सैल बसलेली धूळ आणि ताजा तेलकटपणा हालचालीने व सोल्यूशनमधील साबणासारख्या घटकाने निघतो आणि यंत्राने थोडी मदत झालीच तर ती येथेच होईल. घट्ट बसलेले प्रथिन मात्र अशा सौम्य कंपनाने निघत नाही. त्यासाठी बोटाचे घर्षण लागते किंवा प्रथिनांचे विघटन करणाऱ्या गोळ्या वा द्रव वापरावे लागतात आणि त्यानेही ते निघाले नाही, तर लेन्स बदलावी लागते.

ही घाण डोळ्याला त्रास देते, पण दृष्टी घालवते ती सहसा दुसरीच गोष्ट. सगळ्या प्रकरणात आमच्या मते हाच मुद्दा सर्वांत मोलाचा आहे आणि जाहिरातीत नेमका तोच झाकला जातो. लेन्सची निगा म्हणजे दोन वेगवेगळी कामे असतात. एक काम मळ काढण्याचे आणि दुसरे जंतू मारण्याचे. मळ काढल्याने जंतूंची संख्या कमी होते हे खरे, परंतु उरलेल्या जंतूंना मारण्याचे काम सोल्यूशनमधील रसायन करते आणि त्याला वेळ लागतो. नेहमीच्या बहुउपयोगी सोल्यूशनच्या बाटलीवर लेन्स किती तास भिजवायची ते लिहिलेले असते. ते बहुधा चार ते सहा तास असते. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पद्धतीत तीन टक्के तीव्रतेचे द्रावण वापरतात आणि खास डबीतील चकतीने ते निष्प्रभ होण्यासाठी किमान सहा तास द्यावे लागतात. त्याआधी लेन्स डोळ्यात घातली तर डोळा अक्षरशः भाजतो. सोल्यूशन ‘जंतुनाशक’ म्हणून विकण्यासाठी आयएसओ 14729 या आंतरराष्ट्रीय मानकाची कसोटी असते. तिच्यानुसार ठरावीक तीन प्रकारचे जिवाणू किमान 99.9 टक्के आणि दोन प्रकारच्या बुरशी किमान 90 टक्के घटल्या पाहिजेत. ‘पाच मिनिटांत 99 टक्के जंतू नष्ट’ असे छापणाऱ्या यंत्राने अशी कोणती चाचणी पार केली, हे ग्राहकाने विचारायला हवे. बहुतेक वेळा त्याचे उत्तर मिळत नाही.

ध्वनिलहरींनी जंतू मरतच नाहीत असे कोणी म्हणत नाही. प्रयोगशाळेत जिवाणूंच्या पेशी फोडण्यासाठी श्राव्यातीत कंपनांची सळई वापरतातच. पण तिची तीव्रता इतकी प्रखर असते, की द्रव तापून पेशीतील प्रथिने बिघडू नयेत म्हणून नळी बर्फात ठेवावी लागते. तेवढ्या माऱ्यात लेन्स टिकणार नाही. कमी तीव्रतेत घडते ते असे, की जिवाणूंचे पुंजके सुटे होऊन द्रवात पसरतात, म्हणजे मेलेले नसतात, फक्त विखुरलेले असतात. मग लेन्स त्याच द्रवातून उचलून डोळ्यात घातली, तर काय मिळवले? यंत्र वापरूनही लेन्स बाहेर काढल्यावर ताज्या सोल्यूशनने खळबळून धुवावीच लागते आणि नव्या सोल्यूशनमध्ये रात्रभर भिजवावीच लागते. काही उत्पादक हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहितातही.

न चोळता लेन्स स्वच्छ होण्याचे आश्वासन पहिल्यांदाच दिले जात आहे असे नाही. या शतकाच्या आरंभी ‘चोळण्याची गरज नाही’ असे लिहिलेली सोल्यूशन्स जोरात खपत होती. 2006 मध्ये अमेरिकेसह अनेक देशांत लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युझेरियम या बुरशीचा संसर्ग आढळला आणि एका विशिष्ट सोल्यूशनशी त्याचा संबंध दिसल्याने ते जगभरातून मागे घेण्यात आले. पुढच्याच वर्षी, 2007 मध्ये, अकँथामीबा या एकपेशीय जीवाच्या संसर्गामुळे दुसरे एक सोल्यूशन मागे घ्यावे लागले. त्या तपासात लेन्स ठेवायच्या डबीतील जुन्या सोल्यूशनवरच नवे ओतण्याची सवय जोखमीची असल्याचे दिसून आले. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाटलीवर काहीही लिहिलेले असले, तरी लेन्स चोळून आणि धुऊनच ठेवावी, हा सल्ला ठामपणे द्यायला सुरुवात केली. बोटाने चोळण्याचे काम दिसायला क्षुल्लक असते, पण चिकटून बसलेला जंतूंचा थर मोडण्यासाठी त्याच्याइतकी भरवशाची आणि फुकटची दुसरी युक्ती अजून सापडलेली नाही.

अकँथामीबाविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण खान्देशातील घरांच्या पाण्याच्या व्यवस्थेशी त्याचा थेट संबंध येतो. हा जीव माती, धूळ, नळाचे पाणी, टाकीतील पाणी अशा सगळ्या ठिकाणी असतो. पोटात गेला तर सहसा काही करत नाही, पण लेन्सवरून पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर पोहोचला आणि तेथे एखादी सूक्ष्म जखम असली, तर आत शिरतो. प्रतिकूल स्थितीत तो स्वतःभोवती दुहेरी कवच तयार करतो आणि त्या कवचामुळे नळाच्या पाण्यातील क्लोरीनलाही दाद देत नाही. त्याचा उपचार कित्येक महिने चालतो आणि कधी पारपटलाच्या रोपणाची वेळ येते. आपल्याकडे अनेक गावांत आणि शहरांच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. दोन दिवसांआड, चार दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा पाणी येते आणि तोवर ते गच्चीवरच्या टाकीत, हौदात किंवा पिंपात साठवलेले असते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, इतके की बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो. कूलरच्या टाकीत तर तेच पाणी आठवडाभर फिरत राहते. हे पाणी वापरायला योग्य असेल, पण लेन्सला त्याचा थेंबही लागू देता कामा नये. उकळून गार केलेले, आरओचे किंवा बाटलीबंद पाणीही चालत नाही, कारण ते निर्जंतुक नसते आणि जंतुनाशकही नसते.

आणि येथेच यंत्राचा खरा तोटा उघड होतो. काही यंत्रांची रचना अशी असते, की बाहेरच्या कुंडीत साधे पाणी भरायचे आणि त्यात लेन्सची डबी ठेवायची, म्हणजे कंपने पाण्यातून डबीपर्यंत पोहोचतात. डबी ओली होते, झाकणाच्या आट्यांमध्ये पाणी शिरते, ओल्या बोटांनी झाकण उघडले जाते आणि टाकीतील पाणी लेन्सपर्यंत जाऊन पोहोचते. ज्या यंत्रांत वाट्यांतच सोल्यूशन भरायचे असते, तेथे अडचण वेगळी असते. त्या वाट्या यंत्राला जोडलेल्या असतात, त्यांच्या कोपऱ्यांत बोट पोहोचत नाही, खाली वीज असल्याने त्या मोकळेपणी धुता येत नाहीत आणि मुख्य म्हणजे त्या बदलता येत नाहीत. साधी डबी दर तीन महिन्यांनी फेकून नवी घ्यावी असे सांगितले जाते, कारण तिच्या तळाशी आणि आट्यांमध्ये जंतूंचा बुळबुळीत थर वाढतो. पाच-सहा महिने वापरलेल्या डबीच्या कडेवरून नख फिरवून पाहिले, तर हा निसरडेपणा स्वतःला जाणवतो. सोल्यूशनच्या मोठ्या बाटलीबरोबर नवी डबी बहुधा फुकट मिळते. दीड हजाराचे यंत्र मात्र कोणी तीन महिन्यांनी फेकत नाही. आपल्याकडे तर ते बंद पडले तरी दुरुस्तीला जाते.

याहून सूक्ष्म तोटा माणसाच्या स्वभावात आहे. यंत्र विकत घेतले, की ‘आपली सफाई चोख आहे’ असे वाटू लागते आणि मग चोळणे सुटते, हात धुणे घाईचे होते, महिन्याची लेन्स दीड महिना चालवली जाते, कारण ती यंत्रातून काढलेली असते. वसतिगृहात एकाच खोलीतील तिघींनी एकच यंत्र वापरणे किंवा लग्नसराईत पार्लरमधील रंगीत लेन्स ‘मशीनमध्ये साफ केलेली आहे’ असे सांगून एका नवरीनंतर दुसरीच्या डोळ्यात घालणे, हे तर कोणत्याही यंत्राने सुरक्षित होत नाही. रंगीत लेन्सला नंबर नसला, तरी डोळ्यासाठी ती लेन्सच असते आणि ती दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायची वस्तू नव्हे.

मग रोजची योग्य पद्धत कोणती? आधी साबणाने हात धुऊन ते स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पूर्ण कोरडे करावेत, कारण ओल्या बोटांवर तेच टाकीचे पाणी असते. लेन्स तळहातावर घेऊन तीवर सोल्यूशनचे काही थेंब टाकावेत आणि तर्जनीच्या पेराने, नख लागू न देता, पुढे-मागे अशी हलक्या हाताने चोळावी. दोन्ही बाजू, प्रत्येकी सुमारे 20 सेकंद. नंतर सोल्यूशनच्या धारेने धुऊन कोरड्या डबीत ताजे सोल्यूशन भरून तीत बुडवावी. सकाळी लेन्स घातल्यावर डबीतील सोल्यूशन ओतून द्यावे, डबी ताज्या सोल्यूशनने खळबळावी, स्वच्छ टिश्यूने पुसावी आणि झाकणे उघडी ठेवून टिश्यूवर पालथी घालावी. न्हाणीघरात ती ठेवू नये. उन्हाळ्यात आणखी एक पथ्य आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत त्याहून किती तरी जास्त ताप असतो. सोल्यूशनच्या बाटलीवर साठवणुकीचे तापमान छापलेले असते; डिकीत तळपलेली बाटली वापरण्यापेक्षा टाकून दिलेली परवडते.

ज्यांना चोळण्याचाच कंटाळा आहे, त्यांच्यासाठी यंत्राहून चांगले दोन मार्ग आहेत. पहिला रोज नवी लेन्स वापरून रात्री फेकून देण्याचा. त्यात सोल्यूशन, डबी आणि सफाई हा प्रश्नच उरत नाही. खर्च जास्त येतो, पण जे केवळ लग्नसमारंभाला किंवा आठवड्यातून एक-दोनदा लेन्स घालतात, त्यांच्या बाबतीत तो बहुधा यंत्र आणि सोल्यूशन यांच्यापेक्षा कमीच पडतो. दुसरा मार्ग पेरॉक्साइड पद्धतीचा. जंतू मारण्यात ती सामान्य सोल्यूशनपेक्षा प्रभावी मानली जाते, सोल्यूशनमधील संरक्षक रसायनांनी ज्यांचे डोळे चुरचुरतात त्यांना ती मानवते आणि अकँथामीबाच्या कवचावरही ती बहुतेक बहुउपयोगी सोल्यूशन्सपेक्षा सरस ठरते. मात्र तिची ठरलेली डबी आणि सहा तासांचा नियम मोडून चालत नाही.

सेमी-सॉफ्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, वायू जाऊ देणाऱ्या कडक लेन्सची गोष्ट थोडी निराळी आहे. पारपटल शंकूसारखे पुढे येण्याच्या विकारात, म्हणजे केराटोकोनसमध्ये, या लेन्स किंवा मोठ्या व्यासाच्या स्क्लेरल लेन्स देतात. त्या महाग असतात, वर्ष-दोन वर्षे वापरायच्या असतात आणि कठीण असल्याने कॅव्हिटेशनचे भौतिकशास्त्रही त्यांना जास्त लागू पडते. साचलेला थर काढण्यासाठी ध्वनिलहरींचा विचार करायचाच झाला, तर तो येथे करण्याजोगा आहे, पण तोही लेन्स देणाऱ्या तज्ज्ञाला विचारून; कारण यांतील काही लेन्सवर ओलावा टिकवणारा पातळ थर दिलेला असतो आणि तो कशाने खराब होतो हे उत्पादकच सांगू शकतो. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या किंवा हात थरथरणाऱ्या माणसालाही यंत्राचा थोडा आधार वाटू शकतो. अशा व्यक्तीने घरातील कोणाकडून तरी लेन्स चोळून घेणे यंत्रापेक्षा बरे. तेही जमत नसेल, तर रोज फेकायची लेन्स. बाकी सर्वांसाठी आमचे मत स्पष्ट आहे: चोळणे, धुणे आणि भिजवणे हे तिन्ही करून वर कोणाला यंत्र चालवायचेच असेल, तर बहुधा अपाय नाही, त्यांपैकी एकाच्याही बदल्यात चालवायचे असेल, तर घेऊ नये.

एवढे करूनही डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, पाणी वाहू लागले किंवा दिसायला अंधुक झाले, तर लेन्स ताबडतोब काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब घालू नयेत, कारण त्यांत स्टिरॉइड असेल तर बुरशीचा संसर्ग वाढतो, आणि शेतीच्या या भागात बुरशीचे जंतुसंसर्ग डॉक्टरांना नेहमीच पाहायला मिळतात. जाताना काढलेली लेन्स आणि तिची डबी, आतल्या सोल्यूशनसकट, बरोबर न्यावी. ती धुऊन नेऊ नये. डोळ्यातून खरवडून घेतलेल्या नमुन्यात काही सापडले नाही, तरी डबीतील द्रवाच्या तपासणीत जंतू कोणता आहे याचा पत्ता कधी कधी लागतो आणि योग्य औषध लवकर सुरू करता येते.